कपाटातील कॅसेटी मुक्या होण्यापूर्वी



वसईच्या कोणत्याही गावातील जुन्या घरात डोकावले, तर कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा माळ्यावरील पेटीत काळ्या कॅसेटींची एखादी चळत हमखास आढळते. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या स्नानसंस्काराची, कुणाच्या प्रथम कम्युनियनची, तर कुणाच्या गुरुदीक्षेची. एके काळी हे शूटिंग पाहण्यासाठी सारा शेजार ओटीवर गोळा होत असे. आज कॅसेटी आहेत, परंतु त्या लावण्याचे यंत्र घरात नाही. यंत्र असलेच तर ते चालत नाही आणि ते दुरुस्त करणारा कारागीर सापडत नाही.

आमच्याही घरी हेच घडले. घराची डागडुजी चालू असताना माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत आम्हांला २३ कॅसेटी मिळाल्या. त्यांत थोरल्या बहिणीच्या १९९४ सालच्या लग्नाची मोठी व्हीएचएस कॅसेट होती, कुवेतहून सुट्टीवर आलेल्या भावाने आपल्या हँडीकॅमवर टिपलेल्या लहान कॅसेटी होत्या आणि आई-वडिलांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाच्या त्याहूनही लहान अशा दोन कॅसेटी होत्या. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री आजी आणि तिच्या सोबतिणी सामवेदी बोलीत लग्नगीते गात होत्या, हे आम्हांला आठवत होते. ती गीते आज आमच्या घरात कुणालाही पूर्ण येत नाहीत. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. तिचा आवाज जगात केवळ एकाच ठिकाणी उरला होता : त्या पेटीतील एका कॅसेटमध्ये.

या २३ कॅसेटी संगणकावर उतरविताना आम्ही जे शिकलो आणि ज्या चुका केल्या, ते सर्व येथे क्रमाने मांडत आहोत. हे काम अवघड नाही. मात्र ते पुढे ढकलण्याजोगे राहिलेले नाही.

कॅसेट का बिघडते?

कॅसेटमधील फीत म्हणजे प्लॅस्टिकची एक अत्यंत पातळ पट्टी असते. तिच्या एका बाजूस चुंबकीय कणांचा थर असतो आणि हे कण एका बंधक द्रव्याने पट्टीस चिकटवलेले असतात. चित्र आणि आवाज या कणांच्या चुंबकीय मांडणीत साठवलेले असतात. दमट हवेत बंधक द्रव्य हळूहळू ओलावा शोषून घेते आणि कमकुवत होते. मग फीत चिकट बनते किंवा तिच्यावरील कण सुटू लागतात. कोकणपट्टीच्या हवेत याहूनही मोठा शत्रू म्हणजे बुरशी. चार महिने पावसाळा आणि बंद कपाट ही तिला मानवणारी परिस्थिती होय.

तथापि फितीपेक्षाही यंत्राचे मरण अधिक निकट आहे. जगात व्हीएचएस यंत्रे बनविणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलै महिन्यात त्यांचे उत्पादन थांबवले. फितीवर चालणारे घरगुती कॅमेरेही केव्हाच बाजारातून गेले. युनेस्कोने ध्वनी-दृक्‌श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने २०१९ साली चुंबकीय फितींविषयी जगभरातील संस्थांना सावध करणारा एक प्रकल्प हाती घेतला, तो याच कारणाने. फीत सुस्थितीत असूनही ती वाचणारे यंत्र नसेल, तर ती फीत मुकीच होय.

प्रथम कॅसेट ओळखावी

कोणता मार्ग धरावा हे कॅसेटच्या प्रकारावर अवलंबून असते. म्हणून सर्व कॅसेटी टेबलावर मांडून त्यांची वर्गवारी करावी.

१. व्हीएचएस : पुस्तकाएवढी मोठी कॅसेट. फितीची रुंदी १२.७ मिलिमीटर. आपल्याकडील लग्नांचे जुने चित्रीकरण बहुधा हिच्यावर असते.

२. व्हीएचएस-सी : तीच फीत, परंतु लहान डबीत. ही कॅसेट एका खास खोक्यात बसवून साध्या व्हीसीआरमध्ये लावता येते.

३. आठ मिलिमीटरची कॅसेट : हिचे तीन प्रकार आहेत. १९८५ च्या सुमारास आलेली व्हिडिओ-८, त्यानंतर १९८९ मध्ये आलेली हाय-८ आणि १९९९ मध्ये आलेली डिजिटल-८. तिन्ही कॅसेटी दिसण्यात जवळजवळ सारख्या असतात. ही कॅसेट व्हीसीआरमध्ये बसविणारे खोके अस्तित्वात नाही. ती त्याच जातीच्या कॅमेऱ्यातच लावावी लागते.

४. मिनी-डीव्ही : आगपेटीहून थोडी मोठी अशी कॅसेट. हा प्रकार १९९५ मध्ये आला. फितीची रुंदी सुमारे ६ मिलिमीटर. २००० नंतरच्या दशकातील घरगुती चित्रीकरण पुष्कळदा हिच्यावर आढळते.

यांपैकी व्हीएचएस, व्हीएचएस-सी, व्हिडिओ-८ आणि हाय-८ या जुन्या, म्हणजे ॲनालॉग पद्धतीच्या कॅसेटी होत. त्यांवरील चित्र विजेच्या लहरींच्या रूपात असते आणि संगणकासाठी त्याचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. डिजिटल-८ आणि मिनी-डीव्ही यांच्यावर मात्र चित्र मुळातच आकड्यांच्या रूपात असते. तेथे रूपांतर करायचे नसते, केवळ नक्कल करायची असते. हा एक भेद लक्षात ठेवला की पुढील सर्व गोष्टी सुकर होतात.

अनेक घरांत याच लग्नांच्या व्हीसीडीही असतात. लग्नाच्या दोन-तीन व्हीसीडी छायाचित्रकाराने दिल्या म्हणून काहींनी मूळ कॅसेट टाकून दिली. हे योग्य नव्हे. व्हीसीडीवरील चित्रात ३५२ गुणिले २८८ इतकेच ठिपके असतात, तर मिनी-डीव्ही फितीवर ते ७२० गुणिले ५७६ असतात. मूळ कॅसेट उपलब्ध असेल तर नेहमी तिच्यावरूनच प्रत काढावी.

लावण्यापूर्वीची तपासणी

आमची पहिली चूक येथेच झाली. उत्साहाच्या भरात आम्ही पेटीतील सर्वांत वरची कॅसेट उचलली आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या व्हीसीआरमध्ये लावली. दोन मिनिटे चित्र दिसले, मग पडद्यावर बर्फ पडावा तसे ठिपके आले आणि अखेरीस काहीच दिसेनासे झाले. कॅसेट बाहेर काढून उजेडात धरली, तेव्हा फितीच्या गुंडाळीवर पांढरट धाग्यांची जाळी दिसली. ती बुरशी होती. तिने यंत्राचे हेड भरून टाकले होते. त्याच यंत्रात दुसरी कॅसेट लावली असती, तर बुरशीचे कण तिच्यावरही गेले असते. शेजाऱ्यांचा व्हीसीआर साफ करून घ्यावा लागला, आणि त्या कॅसेटमधील सुरुवातीचा भाग कायमचा ओरखडला गेला.

म्हणून पुढील गोष्टी आधी कराव्यात.

प्रत्येक कॅसेट विजेरीच्या प्रकाशात खिडकीतून न्याहाळावी. फितीची गुंडाळी काळी-तपकिरी, गुळगुळीत आणि सपाट दिसली पाहिजे. पांढरी वा करडी पूड, धागे किंवा डाग दिसल्यास ती कॅसेट मुळीच लावू नये. तिला वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावे आणि फितींची सफाई करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे. बुरशी श्वासावाटे शरीरात जाणे चांगले नाही. अशी कॅसेट हाताळताना नाकातोंडावर मास्क असावा.

त्यानंतर पुसले जाण्यापासूनचे संरक्षण पाहावे. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक लहान पट्टी असते. ती मोडून टाकली की तिच्यावर पुन्हा मुद्रण होऊ शकत नाही. मिनी-डीव्ही आणि आठ मिलिमीटरच्या कॅसेटींवर सरकती खूण असते, ती सुरक्षित बाजूस सरकवावी. चुकीचे बटण दाबल्याने लग्नावर क्रिकेटचा सामना मुद्रित झाल्याची उदाहरणे घरोघरी आहेत.

वर्षानुवर्षे न वाजवलेली कॅसेट थेट वाजवू नये. ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून घ्यावी. त्यामुळे फितीवरील ताण सारखा होतो. गुंडाळताना आवाज जड येऊ लागला किंवा फीत अडखळू लागली, तर बळजबरी करू नये. फीत तुटलेली असल्यास ती साध्या चिकटपट्टीने जोडू नये, कारण त्या पट्टीचा गोंद पाझरून हेडला चिकटतो.

हे काम करण्यास हिवाळा उत्तम होय. पावसाळ्यात हवेतील ओलावा यंत्राच्या फिरत्या भागावर साचतो आणि काही कॅमेरे तशी सूचना देऊन चालण्याचे नाकारतात. वातानुकूलित खोलीतून दमट खोलीत आणलेला कॅमेराही एक-दोन तास तसाच राहू द्यावा आणि मगच चालू करावा.

मिनी-डीव्ही आणि डिजिटल-८ कॅसेटींची पद्धत

या कॅसेटींसाठी तीन गोष्टी लागतात : चालू स्थितीतील कॅमेरा, फायरवायर केबल आणि फायरवायरचे तोंड असलेला संगणक. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर या तोंडास आय-लिंक किंवा नुसते डीव्ही असे नाव दिलेले असते. वस्तू एकच आहे.

येथे बहुसंख्य लोक फसतात, आणि आम्हीही फसलो. कॅमेऱ्याला यूएसबीचेही तोंड असते. आज प्रत्येक संगणकाला यूएसबी असल्यामुळे मनुष्य साहजिकच ती केबल जोडतो. परंतु यांतील बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबी ही स्मृतिपत्रावरील छायाचित्रे पाठविण्यासाठी किंवा अगदी हलक्या दर्जाचे चित्र दाखविण्यासाठी ठेवलेली असते. फितीवरील मूळ चित्रीकरण तिच्यातून येत नाही. फायरवायर आणि यूएसबी यांची तोंडे जुळविणारे स्वस्त जोडही बाजारात दिसतात. त्यांचा येथे उपयोग होत नाही, कारण दोहोंची भाषाच निराळी आहे.

नव्या संगणकांवर फायरवायर नसते. टेबलावरील संगणकात त्याचे वेगळे कार्ड बसविता येते. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत अशा कार्डासाठी कधी कधी जुना ड्रायव्हर निवडावा लागतो. ॲपलच्या संगणकांवर जोड लावून हे काम अनेक वर्षे करता येत असे, परंतु २०२५ साली आलेल्या मॅकओएस २६ या आवृत्तीतून फायरवायरचा आधार काढून टाकण्यात आला. म्हणून आमचा अनुभव असा की २००० नंतरच्या दशकातील, फायरवायर असलेला एखादा जुना लॅपटॉप किंवा संगणक शोधणे हाच सर्वांत सोपा उपाय ठरतो. कुणाच्या तरी घरी तो धूळ खात पडलेला असतो. मात्र त्यास इंटरनेटशी न जोडता केवळ या कामासाठी वापरावे.

जोडणी करताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद असावेत. केबलचे एक टोक लहान, चार टाचण्यांचे असते आणि दुसरे बहुधा मोठे, सहा टाचण्यांचे. मोठ्या टोकातून वीजही वाहते. ते उलटे रेटून बसविल्यास कॅमेऱ्याचे तोंड कायमचे जळू शकते. कॅमेऱ्याची जुनी बॅटरी बहुधा मेलेलीच असते, म्हणून त्यास विजेच्या अडॅप्टरवर चालवावे आणि कळ चित्रीकरणावर न ठेवता प्लेवर ठेवावी. मग संगणकावरील आज्ञावली कॅमेऱ्यास स्वतःच चालू आणि बंद करते. विंडोजवर विनडीव्ही नावाची छोटी, मोफत आज्ञावली हे काम नेटकेपणाने करते. लिनक्सवर डीव्हीग्रॅब आहे, तर जुन्या ॲपल संगणकांवर आयमूव्ही.

एक तासाची कॅसेट उतरविण्यास एक तासच लागतो. त्यात घाई करता येत नाही. एका तासाच्या चित्रीकरणाची फाईल सुमारे १३ जीबीची होते. आपल्या १० कॅसेटी असतील तर १३० जीबी जागा हवी. येथे आणखी एक सापळा आहे. फॅट-३२ या जुन्या मांडणीच्या डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही, त्यामुळे सुमारे २० मिनिटांतच काम थांबते. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट मांडणीची आहे, याची आधीच खात्री करावी.

पडद्यावर चौकोनी तुकडे दिसू लागले तर घाबरू नये. मिनी-डीव्हीमध्ये हेडचे दंडगोल मिनिटाला ९,००० फेरे घेते आणि फितीवरील एकेक रेघ मिलिमीटरच्या अवघ्या शंभराव्या भागाएवढी रुंद असते. धुळीचा कणही तेथे मोठा अडथळा ठरतो. हेड साफ करणारी कोरडी कॅसेट काही सेकंदच चालवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. अधिक वेळेसाठी एलपी पद्धतीने मुद्रित केलेल्या कॅसेटी मात्र पुष्कळदा ज्या कॅमेऱ्यावर चित्रित केल्या, त्याच कॅमेऱ्यावर नीट चालतात. म्हणून जुना कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

व्हीएचएस आणि हाय-८ कॅसेटींची पद्धत

या कॅसेटींसाठी व्हीसीआर किंवा कॅमेरा, आणि चित्राचे आकड्यांत रूपांतर करणारे एक छोटे यंत्र लागते. हे यंत्र एका बाजूने यूएसबीद्वारे संगणकास जोडले जाते आणि दुसऱ्या बाजूस पिवळी, पांढरी व तांबडी अशी तीन तोंडे असतात. पिवळे चित्रासाठी, उरलेली दोन आवाजासाठी. हाय-८ कॅमेऱ्यास एस-व्हिडिओचे गोल तोंड असल्यास पिवळ्याऐवजी ते वापरावे. त्यातून रंग आणि उजेड वेगवेगळे येत असल्याने चित्र अधिक स्वच्छ दिसते. मात्र एस-व्हिडिओतून आवाज येत नाही, हे विसरू नये. पांढरी आणि तांबडी केबल जोडावीच लागते.

आठ मिलिमीटरच्या जुन्या कॅसेटींसाठी आणखी एक चांगला मार्ग आहे. काही डिजिटल-८ कॅमेरे व्हिडिओ-८ आणि हाय-८ कॅसेटीही वाजवतात आणि फायरवायरमधून थेट डिजिटल चित्र देतात. सर्वच कॅमेऱ्यांत ही सोय नाही. कॅमेरा घेण्यापूर्वी त्याची माहितीपुस्तिका पाहावी.

संगणकावरील आज्ञावलीत पद्धत निवडताना पाल निवडावी. भारतात आणि आखाती देशांतही पाल पद्धत प्रचलित होती, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे आणि ६२५ रेषा. कुवेत किंवा बहरीनहून आलेल्या कॅसेटींस म्हणूनच अडचण येत नाही. परंतु अमेरिका वा कॅनडातील नातेवाइकांनी पाठविलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते. ती लावल्यावर चित्र कृष्णधवल दिसले किंवा सरकत राहिले, तर कॅसेट बिघडली असे समजू नये. पद्धत बदलून पाहावी आणि दोन्ही पद्धती जाणणारा व्हीसीआर मिळवावा.

ओबीएस स्टुडिओ ही मोफत आज्ञावली या कामासाठी पुरेशी आहे. सामान्य कुटुंबाने सेकंदाला १० मेगाबिट इतक्या दराने एमपी-४ फाईल केल्यास एका तासास सुमारे साडेचार जीबी लागतात आणि दर्जाही चांगला राहतो. जुन्या चित्रात एकेक चित्र दोन हप्त्यांत, आधी विषम आणि मग सम रेषा, असे रंगवले जाते. त्यामुळे संगणकावर हलत्या हाताभोवती कंगव्यासारख्या रेषा दिसतात. आज्ञावलीतील डी-इंटरलेस ही सोय चालू केली की त्या जातात. चित्राची चौकट ४ : ३ अशीच ठेवावी. रुंद पडद्यावर ताणून बसविल्यास सर्वांचे चेहरे फुगीर दिसतात, आणि आजी तशी नव्हती.

प्रथम पाच मिनिटांची चाचणी घ्यावी. आवाज आहे का, तो दोन्ही बाजूंनी येतो का, ओठांशी जुळतो का, हे ऐकून पाहावे. आम्ही एक संपूर्ण कॅसेट तीन तास बसून उतरविली आणि पांढरी केबल सैल असल्यामुळे ती मुकी निघाली. काम चालू असताना संगणक झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी आणि शक्यतो यूपीएस असावा. आपल्याकडील विजेचा भरवसा कुणी धरावा?

दुकानात द्यायचे असल्यास

प्रत्येकास हे सर्व घरी करणे जमेलच असे नाही, आणि त्यात कमीपणा नाही. परंतु दुकानदारास काही प्रश्न अवश्य विचारावेत. काम येथेच होते की कॅसेटी बाहेर पाठविल्या जातात? मिनी-डीव्हीसाठी फायरवायर वापरता की टीव्हीच्या केबलने उतरविता? आम्हांला डीव्हीडी मिळणार की मूळ दर्जाची फाईल? डीव्हीडीवर चित्र अधिक दाबून बसविलेले असते आणि आज ती लावण्याचे यंत्रही घरांतून नाहीसे होत आहे. म्हणून फाईलच मागावी आणि स्वतःची हार्ड डिस्क द्यावी. आरंभी एकच कॅसेट देऊन काम पाहावे. कॅसेटींवर क्रमांक घालून त्यांची यादी करावी आणि मूळ कॅसेटी मोजून परत घ्याव्यात. एका ठिकाणी दिलेल्या आमच्या चार कॅसेटींपैकी तीनच परत आल्या. चौथी कोणती होती हे सांगण्यास आमच्याजवळ यादीच नव्हती.

प्रत उतरली तरी मूळ कॅसेट टाकू नये. ती पूर्ण गुंडाळून, उभी करून, कोरड्या जागी आणि ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवावी.

प्रती किती ठेवाव्यात?

एकाच हार्ड डिस्कवर सर्व काही ठेवणे म्हणजे एका माळ्यावरून उचलून दुसऱ्या माळ्यावर ठेवणे होय. छायाचित्रकार आणि संग्राहक यांच्यात एक सोपा नियम रूढ आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी परगावी असलेल्या भावंडाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवता येईल. वर्षातून एकदा डिस्क जोडून फाईली उघडतात का ते पाहावे. मिनी-डीव्हीची १३ जीबीची मूळ फाईल कायम राखावी आणि नातेवाइकांस पाठविण्यासाठी तिच्यावरून लहान एमपी-४ प्रत करावी. फाईलीस नाव देताना वर्ष आधी लिहावे, जसे १९९४-लग्न-भाग-१, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

घरचे चित्रीकरण सर्वांसाठी खुले करताना मात्र विवेक राखावा. त्यांत लहान मुले असतात, शोक करणारी माणसे असतात. त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते इंटरनेटवर टाकू नये.

नावे लिहून ठेवा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बहिणीच्या लग्नाची कॅसेट अखेर नीट उतरली. लुगडी नेसलेल्या सात बायका मांडवात बसून गात होत्या. आजी मधोमध होती. उरलेल्या सहा जणींपैकी आम्ही दोघींनाच ओळखले. गीतातील निम्मे शब्द आम्हांला कळले नाहीत. चित्र स्वच्छ होते, आवाज स्पष्ट होता, आणि तरीही ते आमच्यापासून दूर होते.

मग आम्ही ती फाईल घेऊन आमच्या थोरल्या आत्याकडे गेलो. तिचे वय ८६. पहिल्या दोन मिनिटांत ती काहीच बोलली नाही. नंतर तिने पडद्यावर बोट ठेवून एकेकीचे नाव, घर आणि माहेर सांगितले. गीत थांबल्यावर तिने पुढची ओळ स्वतः म्हटली, जी कॅसेटमध्येही नव्हती. कारण छायाचित्रकाराने तेवढ्यात कॅमेरा जेवणाच्या पंगतीकडे वळवला होता. आम्ही मोबाईलवर तिचा आवाज मुद्रित केला आणि सर्व नावे मिनिट-सेकंदासह एका वहीत लिहून घेतली. ती वही आम्ही आज त्या फाईलीइतकीच मौल्यवान मानतो. आत्या आता थकली आहे. पुष्कळदा ती आम्हांलाही ओळखत नाही.

म्हणूनच आमची विनंती अशी की, सर्व कॅसेटी उतरून होण्याची वाट पाहू नये. ज्या कॅसेटीत आज हयात असलेल्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीची माणसे आहेत, ती सर्वप्रथम घ्यावी. ती उतरली की त्याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसावे. कोण, कुठले, कुणाचे, काय गात आहेत, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. फाईलीच्या शेजारीच ही नोंद साठवावी. चांगल्या यंत्राचा शोध घ्यायला कदाचित आणखी एखादे वर्ष मिळेल. सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती खात्री कुणी देऊ शकत नाही.

एकेका घराने वेगवेगळे यंत्र शोधण्यापेक्षा गावात दोन-चार कुटुंबांनी एकत्र येऊन हे काम केले, तर ते अधिक सोपे होईल. एकाकडे कॅमेरा असेल, दुसऱ्याकडे जुना संगणक, तिसऱ्याकडे वेळ. अनेकदा एकाच लग्नाचे चित्रीकरण दोन घरांत असते आणि एकाची खराब झालेली कॅसेट दुसऱ्याच्या चांगल्या कॅसेटने भरून निघते. आमची ओरखडलेली पहिली कॅसेट अशीच नवरदेवाच्या घरून मिळाली. ती त्यांच्या कपाटात, पाऊस न लागलेल्या कप्प्यात, ३० वर्षे तशीच होती.

येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी दुपारी आपलीही पेटी खाली उतरवावी. सर्व कॅसेटी एका दिवसात होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. एक निवडावी, उजेडात धरून पाहावी आणि तिच्यापासून आरंभ करावा.